बाकावर लिहिलेले आकडे

वह्या द्यायच्या की ठेवायच्या, यावरून त्या रविवारी सकाळी नऊलाच घरात दोन तट पडले, आणि मी भलत्याच तटात जाऊन बसलो.

तसं भांडण्यासारखं त्यात काही नव्हतं. बायकोला जाऊन पाच आठवडे झाले होते. तिची खोली होती तशीच होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर दोन भिंगं, कोपऱ्यात मी केलेले जाळीचे चार पिंजरे आणि भिंतीला लागून काचेचं कपाट. कपाट हिरव्या कापडी पाठीच्या अडतीस वह्यांचं. हंगामाला एक. प्रत्येकीत एकाच शेताच्या एकाच तुकड्यातले, दर रविवारचे आकडे. बटाट्याची चाळीस रोपं, प्रत्येकाची तीन पानं, वरचं, मधलं, खालचं, आणि प्रत्येक पानावर मावा किती. मावा म्हणजे पानाच्या पाठीला चिकटून रस पिणारा मोहरीएवढा किडा. आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा त्याचीच विचारपूस जास्त झाली.

आधी मोजा, मग फवारा, एवढंच तिचं म्हणणं. ती कृषी महाविद्यालयाच्या कीटक विभागात नोकरीला लागली तेव्हा लोक तारीख बघून फवारायचे, मावा असो वा नसो. तिनं दाखवलं की मावा ठरावीक संख्येच्या खाली असेल तर ढालकिडेच, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते गोल किडे, त्याला खाऊन आटोक्यात ठेवतात, आणि उगाच औषध मारलं तर आधी ढालकिडेच मरतात. हे पटवण्यात तिची निम्मी नोकरी गेली. सुरुवातीला विभागातले लोक तिला चेष्टेनं 'मोजणीबाई' म्हणायचे. पुढं तेच नाव मानानं घ्यायला लागले.

अकरा वाजता तिची विद्यार्थिनी यायची होती. आता तीच विभागप्रमुख आहे. अडतीस वर्षांचे आकडे एकत्र करून फवारणी कधी करायची याची नवी पातळी ठरवायची आणि ती सगळ्या शेतांना कळवायची, असं काम तिनं हाती घेतलं होतं. त्यासाठी तिला मूळ वह्या हव्या होत्या.

"वह्या घरातच राहतील," थोरली म्हणाली. थोरली हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं एकदा काही सांगितलं की रुग्णसुद्धा उलटून बोलत नाहीत. "तिथं नेऊन काय करणारेत? खोक्यात घालतील आणि खोकी माळ्यावर टाकतील. आईचं अक्षर आहे ते."

"ताई, आईनं अक्षर गिरवायला नाही लिहिलं," धाकटा म्हणाला. "आकडे वापरले नाहीत तर रद्दी आहे ती."

"तू तर बोलूच नकोस. तुझं दुकान फवारणीचं."

"म्हणूनच बोलतोय. माझीच गिऱ्हाइकं काउंटरवर बाटली ठेवून परत जायची. 'बाईंनी आठवडाभर थांबायला सांगितलंय.' कोणत्या बाईंनी, हे मी विचारायचोसुद्धा नाही. एवढं सोसलंय तर ते आकडे कुठंतरी कामाला येऊ देत."

मेव्हणी धाकट्याच्या बाजूची होती. शाळेत बत्तीस वर्षं शिकवून ती निवृत्त झाली, पण हातातला खडू काही सुटला नाही. बोलताना अजून हवेत मुद्दे लिहिते. "भाओजी, तुम्ही बोला. घर तुमचं आणि मुके तुम्हीच."

मी म्हणालो, "थोरली म्हणते ते बरोबर आहे. राहू देत वह्या."

तिघंही माझ्याकडं बघायला लागली. कारण पाच आठवडे मीच म्हणत होतो की तिचं काम तिच्या माणसांकडं गेलं पाहिजे.

"परवा खोकी तुम्हीच आणलीत, बाबा," धाकटा म्हणाला.

"आणली. आता नको वाटतंय."

थोरलीचा चेहरा उजळला. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

कारण खरं असं होतं. सातवी वही कपाटात नव्हती. ती माझ्या हत्यारांच्या पेटीत, रंध्यांच्या खाली होती, आठ दिवसांपासून.

एकतीस वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी तिला सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. तीन आठवडे हॉस्पिटलात पडून राहायला सांगितलं. थोरली पाच वर्षांची, तिला मेव्हणीनं नेलं. तेव्हा बायकोच्या हाताखाली कोणी नव्हतं. विभाग म्हणायचा, तो तुकडा म्हणजे बाईंचा छंद आहे. पलंगावरून तिनं मला कागदावर रोप काढून दाखवलं. पान हळूच उलटायचं, मोजायचं, लिहायचं. "अहो, बाकी काही नको, रविवारची मोजणी तेवढी चुकवू नका," असं म्हणाली.

पहिल्या रविवारी मी शेताच्या बांधापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो. सायकल जोरात हाणत हॉस्पिटलात आलो आणि तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. ती झोपली होती. तिथंच, खिशातल्या सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलीनं मी वही भरली. आधीच्या पानावर सरासरी चौदा लिहिलेली होती. म्हणून मी बारा, पंधरा, चौदा, सोळा, अकरा असं लिहीत गेलो. एकशे वीस आकडे. पुढचे दोन रविवार मी बांधापर्यंतही गेलो नाही.

धाकटा झाला, ती घरी आली, तिनं वही मागितली, मी दिली. तिनं चाळली आणि म्हणाली, "बरं झालं, चुकलं नाही." बस्स. दुसऱ्या वर्षी सांगू म्हटलं. पण वर्ष उलटलं की सांगणं दुप्पट जड होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि आता त्या तीन रविवारांच्या आकड्यांवर, तिच्या नावानं, सगळ्या शेतांना सांगितलं जाणार होतं की कधी थांबा आणि कधी फवारा. पुढं कोणाच्या लक्षात आलं असतं तर लोक म्हणाले असते, मोजणीबाईंनी मोजलंच नव्हतं.

वही लपवली तर हे टळेल, असं मला वाटलं. बाकीच्या सदतीस द्यायला माझी हरकत नव्हती. पण सातवी कुठं, असं विचारलं असतं. म्हणून एकही नको.

---

स्वयंपाकघरात काय झालं ते मला मेव्हणीनं नंतर सांगितलं. ती सांगते तेव्हा दोन्हीकडचं बोलणं आवाज बदलून सांगते, त्यामुळं मी तिथं असल्यासारखंच आहे.

थोरली चहाचं आधण ठेवत होती. मेव्हणीनं दार लोटलं.

"तुझ्या बापाला काय झालंय?"

"काय व्हायचंय? त्यांना आईच्या वस्तू सोडवत नाहीयेत. एवढे दिवस वाघासारखे हिंडत होते, आता कळलं."

"वस्तू सोडवत नाहीत? तिची चप्पल, स्वेटर, छत्री, सगळं गेल्या आठवड्यात स्वतः बांधून दिलं या माणसानं. छत्रीची तर काडीसुद्धा दुरुस्त करून दिली. आणि वह्या सोडवत नाहीत?"

"मावशी, तू प्रत्येकाचा पेपर तपासू नकोस."

"बत्तीस वर्षं तपासले. ज्यानं नक्कल केलेली असते तो पोरगा पेपर शेवटी देतो." मेव्हणीनं साखरेचा डबा पुढं सरकवला. "भाओजी पेपर देत नाहीयेत."

थोरलीनं आधणात साखर टाकली. ती आईच्या अक्षरासाठी भांडत होती, यात खोटं काही नव्हतं. पण मागच्या महिन्यात, आईच्या शेवटच्या दिवसांत, तिनं मला एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमच्यात आणि आईत कधी काही राहून गेलं का?" मी म्हणालो होतो, "नाही." ते तिला पटलं नव्हतं. नर्सला ताप थर्मामीटर लावायच्या आधीच कळतो.

"काही असेल तर सांगतील," ती म्हणाली.

"सांगतील. मी आणि तू असेपर्यंत सांगितलं म्हणजे मिळवलं."

---

धाकटा तोवर आईच्या खोलीत एकटा होता. तट काहीही असोत, वह्या एकदा मोजून ठेवू म्हणून तो कपाटापाशी बसला. प्रत्येक वहीच्या पाठीवर मी पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला आहे. सहा झाली की आठ येत होती.

त्यानं टेबलाचे खण बघितले, कपाटाच्या मागं हात घातला. मग बोटांवर वर्षं मोजली. सातवी वही म्हणजे त्याच्या जन्माची.

हे त्यानंच मला पुढं सांगितलं. तो तिथंच खुर्चीत बसून राहिला. त्याला लहानपणापासून एक गोष्ट टोचत होती. आईचा सगळा जीव त्या शेतात आणि बाबांचा सगळा जीव आईत, मग आपल्या वाट्याला काय? ताईच्या वेळी आई सुट्टी घेऊन घरी होती. त्याच्या वेळी हंगाम ऐन भरात होता. दुकान त्यानं फवारणीचं काढलं, त्यात आईला चिडवायचा भाग थोडासा होताच. आणि आता त्याला वाटलं, बाबांनी सगळ्या वह्यांतून एकच वही काढून जवळ ठेवली आणि ती त्याची.

मागच्या अंगणात मी उगाच एका फळीला रंधा मारत होतो. तो आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांचा माणूस, मिशीवाला, आणि डोळे ओले.

"काय रे?"

"काही नाही. मारा रंधा."

फळी आधीच गुळगुळीत होती. मी मारत राहिलो.

---

विद्यार्थिनी बरोबर अकराला आली. तिला हा शब्द आता शोभत नाही. पंचेचाळिशीची बाई आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, पण माझ्या डोक्यात ती अजून भिंग हरवून रडणारी मुलगीच आहे. खांद्याला जड पिशवी होती. उद्या नव्या मुलांचा पहिला तास, त्याचे कागद त्यात होते. आल्या आल्या तिनं तिच्या बाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून आत बघितलं. आत गेली नाही.

"बसा काका, मी घेते चहा," म्हणाली. या घरात कप कुठं असतात हे तिला माहीत आहे.

आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो. थोरलीनं सुरुवात केली. वह्या इथंच राहाव्यात, हवं तर तुम्ही इथं येऊन उतरवून घ्या, जेवायला-राहायला घर आहेच. मेव्हणी म्हणाली, वह्या द्याव्यात. विद्यार्थिनी ऐकत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

मग धाकट्यानं घसा साफ केला. "माझं म्हणणं बदललंय."

"तुझं पण?" मेव्हणी म्हणाली. "आज या घरात कसली हवा सुटलीय?"

"वह्या द्यायच्याच. पण सदतीस. सातवी नाही. सातवी बाबांकडं राहू दे." तो माझ्याकडं वळला. "ती माझ्या जन्माच्या वर्षाची आहे. बाबांनी ती काढून जवळ ठेवलीय. मला सकाळी कळलं. बाबा, लाजू नका. मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. एक वही कमी पडली म्हणून विभाग बुडणार नाही. ताई, तुला चालेल ना?"

थोरलीनं मान हलवली. तिचेही डोळे भरले होते. "चालेल. सातवी बाबांची. बाकीच्या द्या."

सकाळपासून भांडणारी दोन्ही पोरं एक झाली होती. मी काही न करता सुटलो होतो. वही पेटीतच राहणार होती, आणि वर मुलगा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता जशी नजर मी त्याच्या सहावीनंतर बघितली नव्हती. तोंड बंद ठेवायचं, चहा प्यायचा, एवढंच काम होतं.

नाही जमलं. खोटं बोलून इतके दिवस काढले, पण खोट्यासाठी कोणी माझी पाठ थोपटावी हे पहिल्यांदाच होत होतं.

मी उठलो, अंगणात गेलो, पेटीतून वही आणली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर भुसा होता. "तुझ्यासाठी नाही ठेवली," मी म्हणालो. "लपवली." आणि सगळं सांगितलं. बांध, सायकल, बाक, पेन्सिल. फारसा वेळ लागला नाही. एकतीस वर्षं जे उचलवत नव्हतं ते चहा निवायच्या आत सांगून झालं.

आधी थोरली बोलली. सकाळी माझा हात धरणारी ती आता ताठ बसली होती. "न मोजता लिहिलंत? बाबा, मी एका रुग्णाचा ताप न बघता लिहिला तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. आणि बसवायलाच पाहिजे."

"खरं आहे."

"आईच्या वहीत."

"हो."

"ताई, थांब," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो वहीकडं बघत होता. "आत कोण होतं? आई आणि मी. दोघांचंही काही खरं नव्हतं, असं मावशी सांगते. तू त्यांच्या जागी असतीस तर गेली असतीस पानं उलटायला?"

"मी गेले असते किंवा गेले नाही असं लिहिलं असतं."

"तू लिहिलं असतंस. तू तशीच आहेस. बाबा तसे नाहीत."

मेव्हणी काही बोलली नाही. हे इतकं नवलाचं होतं की मी तिच्याकडं बघितलं. ती विद्यार्थिनीकडं बघत होती, आणि विद्यार्थिनी चक्क हसत होती. हसता हसता रडत होती.

"काका," ती म्हणाली, "थांबा हं." पिशवीतून तिनं कागदांचा गठ्ठा काढला, वरचा कागद माझ्यापुढं ठेवला.

छायाप्रत होती. जाड, चपट्या पेन्सिलीचे मोठाले आकडे, फळीवर मापं लिहावीत तसे. बारा, पंधरा, चौदा, सोळा, अकरा.

"याला आमच्यात 'जाड पेन्सिलीचं पान' म्हणतात. बाई दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला हे द्यायच्या. त्या निवृत्त झाल्यापासून मी देते. प्रश्न एकच. हे आकडे कोणी मोजले नाहीत, कसं ओळखाल?"

मी कागदाला हात लावला नाही.

"उत्तर तुम्हाला येत असेल आता," ती म्हणाली.

येत होतं. पुढच्या वर्षापासून तिनं मला दर रविवारी बरोबर नेलं, हातात भिंग दिलं, आणि पहिल्याच दिवशी मला घाम फुटला होता. "शून्य नाहीत," मी म्हणालो. "मावा असा सारखा वाटून बसत नाही. दहा पानं कोरी असतात आणि अकराव्यावर दोनशे बसलेले असतात. गर्दी करून राहतो तो."

"बरोबर. बनवून लिहिणाऱ्याला शून्य लिहायची भीती वाटते, असं बाई सांगायच्या. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. काका, हे तीन रविवार कुठल्याच तक्त्यात नाहीत. छापलेल्या अहवालात तिथं रेघ आहे. खाली लिहिलंय, मोजणी झाली नाही. तुम्ही अहवाल कधी वाचला नाहीत का?"

"मला त्यातलं काय कळणार, म्हणून नाही वाचला." कपाटाच्या खालच्या खणात आहे तो. खण मीच केलाय.

"म्हणजे," मेव्हणीला एकदाचा आवाज फुटला, "तीस वर्षं तुमची कॉपी वर्गात फळ्यावर लावलेली होती, आणि तुम्ही ती पेटीत लपवत होतात."

"पण ती बोलली का नाही?" मी विचारलं. कोणाला विचारलं, माहीत नाही.

विद्यार्थिनीनं डोळे पुसले. "मुलं विचारायची, हे कोणी लिहिलं? बाई सांगायच्या, माझ्या नवऱ्यानं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे, काका. या घरी चहाला आलेल्या प्रत्येकाला." मला आठवलं. ती पोरं माझ्याकडं बघून गालात हसायची. मला वाटायचं, कपड्यांना भुसा लागलाय. "आणि मग बाई दर वर्षी तेच सांगायच्या. मला पाठ आहे. 'यातला एकही आकडा खरा नाही. पण त्या दिवशी हा माणूस शेतात गेला असता, तर मला दाराच्या काचेतून बाक रिकामा दिसला असता. मी झोपले नव्हते. मी त्याला बघत होते, मांडीवर वही घेऊन बसलेला. म्हणून हे पान मी जपून ठेवलंय. तुम्ही मात्र असं पान आणून दिलंत तर नापास करीन.'"

बाहेर कोणाच्या तरी घरी बादलीत नळाचं पाणी पडत होतं.

"आम्ही म्हणायचो, बाई, काकांना सांगा ना. त्या म्हणायच्या, 'त्यांनी सांगितलं की सांगीन. आधी मी बोलले तर तो माणूस पुन्हा वहीला हात लावायचा नाही. आणि मला त्याच्याइतकं नीट मोजणारं दुसरं कोणी मिळणार नाही.'"

हे खरं होतं. त्या वर्षानंतर ती आजारी पडेपर्यंत मी एक पान चुकवलं नाही. तापात गेलो, बोट कापलं होतं तेव्हा गेलो. दोनशे चाळीस असतील तर दोनशे चाळीस मोजायचो, अडीचशे म्हणायचो नाही. मला वाटायचं मी गुपचूप फेड करतोय. ती दर रविवारी माझ्या हातात वही द्यायची, आणि मला वाटायचं तिला माहीत नाही म्हणून देते.

"मी तिला सांगितलं नाही," मी म्हणालो.

"भाओजी," मेव्हणी म्हणाली. एरवीचा मास्तरीणबाईचा आवाज नव्हता. "तिला ऐकायची घाई नव्हती."

थोरली उठली. माझ्या मागं येऊन तिनं खांद्यावर हनुवटी टेकली आणि तो कागद बराच वेळ वाचला. "सोळा, अकरा, तेरा," ती म्हणाली. "बाबा, खोटं तरी नीट लिहायचं." आणि मग हसू आवरेना तिला. धाकटाही हसला. हसत म्हणाला, "म्हणजे ती वही माझ्या जन्माचीच आहे की. मी काय चुकीचं बोललो?"

मी त्याला म्हणालो, "नाही."

---

अडतीस वह्या खोक्यांत भरल्या. सातवीवरचा भुसा थोरलीनं स्वतः पुसला आणि ती सहा आणि आठच्या मध्ये ठेवली. अडतिसावी तेवढी विद्यार्थिनीनं बाहेर काढली, कारण ती अर्धीच होती.

"यात शेवटचे नऊ रविवार कोरे आहेत, काका."

तिचं आजारपण चार आठवड्यांचं आणि नंतरचे पाच. मी वही उघडलीच नव्हती.

"आज रविवार आहे," थोरली म्हणाली.

आम्ही पाचही जण धाकट्याच्या टेम्पोतून गेलो. मागं फवारणीचे पंप होते, मेव्हणी म्हणाली, "मोजणीबाईची बहीण, आणि बसलीय कशावर बघा." तो तुकडा पूर्वी गावाबाहेर होता, आता त्याच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. रोपं गुडघ्याच्या वर आली होती. तण माजलं होतं. पण तिनं रोवलेल्या चाळीस खुंट्या जागेवर होत्या. खुंट्यासुद्धा माझ्याच.

थोरली बांधावर वही घेऊन बसली. नर्सचं पेन काढलं. "आधीच्या नऊ रविवारांत काय लिहू?"

"रेघ मार. मोजणी झाली नाही असं लिही."

"शेऱ्यात कारण लिहायचं असतं. आई लिहायची."

मी पहिल्या खुंटीपाशी उकिडवा बसलो. गुडघे वाजले. खिशातून तिचं भिंग काढलं. धाकटा दुसऱ्या बाजूनं पान धरायला वाकला होता, विक्रेत्याच्या मानानं बऱ्यापैकी हळू.

"चार रविवार, तिच्याजवळ होतो, असं लिही," मी म्हणालो. "पाच रविवार, घरी होतो."

पेन थोडा वेळ थांबलं, मग चाललं.

"झालं," ती म्हणाली. "सांगा."

वरचं पान उलटलं. पाठ स्वच्छ होती, शिरा दिसत होत्या.

"शून्य."

मधलं. "शून्य."

खालच्या पानाखाली एक ढालकिडा निवांत चालला होता. तो बाजूला जाईपर्यंत मी थांबलो.

"शून्य," मी म्हणालो. "लिहिलंस?"

"लिहिलं, बाबा."

"चला. दुसरं रोप."